सुई थांबेपर्यंत

बसा. या दगडावर बसा.

सॅक उतरवा, शेजारी टेकवा. पाठीवरचा घाम आता गार लागेल. लागू दे.

भाद्रपद आहे. टोलार खिंड मागे राहिली. हरिश्चंद्रगडाचं देऊळ पुढे आहे, आणि मधे आहेत त्या टेकड्या. एक चढून उतरावी तर समोर दुसरी, अगदी पहिलीसारखीच. आत्ता तर तीही दिसत नाही. धुकं आहे. वीस पावलांवर सगळं संपतं.

घाई नाही. धुक्याकडे बघा.

वरवर पांढरं वाटतं. गवताजवळ ते हिरवट आहे. दगडाजवळ राखाडी. आणि ते सरकतंय, सावकाश, एकाच बाजूने.

डोळे मिटा. कुठल्या गालाला गार लागतंय?

तेवढं लक्षात ठेवा. त्या वाऱ्याला अजून दिशेचं नाव देऊ नका.

आता कंपास काढा. होकायंत्र हा शब्द सुरेख आहे, पण तो शाळेतच राहिला. डोंगरात सगळे कंपासच म्हणतात. तळहातावर ठेवा. हात छातीपाशी, कोपर अंगाला टेकलेलं.

सुई हलते आहे.

डावीकडे जाते. परत येते. थोडी पुढे जाते, पुन्हा मागे. डबीतल्या द्रवात ती पोहल्यासारखी फिरते.

तिला थांबवू नका. एक श्वास घ्या. सोडा.

अजून हलते आहे. आणखी एक श्वास.

बघत राहा. लाल टोक आता नुसतं थरथरतंय. मग तेही नाही.

मोबाइल कुठे आहे? शर्टाच्या खिशात असेल तर काढा, सॅकमध्ये टाका आणि सॅक दोन हात लांब सरकवा. मी एकदा मोबाइलच्याच पाठीवर कंपास ठेवून दिशा घेतली होती, हात भरलेले होते म्हणून. अर्धा तास कारवीत घुसत राहिलो आणि जिथून निघालो त्याच ओढ्यावर आलो. ओढा ओळखीचा वाटतोय, असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

सुईला फार बारीक गोष्टी जाणवतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला न्यावी लागली. साल १९०४. तारांमधल्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. नव्या इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळलं. तेव्हापासून पृथ्वीचं चुंबकत्व तिथे मोजलं जातंय.

इथून अलिबाग दिसत नाही. इथून काहीच दिसत नाही. तरी तिथली सुई आणि तुमच्या तळहातावरची सुई एकाच बाजूला तोंड करून आहेत.

थोडा वेळ तसंच बसा.

मोकळा हात खालच्या दगडावर ठेवा. ओला आहे. खरखरीत आहे. नखाखाली शेवाळ येईल.

हा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. निवताना त्यातल्या लोहकणांनी त्या वेळची उत्तर धरून ठेवली. आणि त्या काळात बराच वेळ पृथ्वीचं चुंबकत्व आजच्या उलट होतं. ही सुई तेव्हा कुणी धरली असती, तर लाल टोक दक्षिणेकडे वळलं असतं. सह्याद्रीच्या कितीतरी थरांत ती उलटी दिशा अजून तशीच आहे.

तळहात दगडावर राहू दे. दुसऱ्या तळहातावर सुई.

कंपास मात्र दगडाला टेकवू नका. असा काळा दगड अगदी जवळ आला की सुई कधी कधी बिचकते.

आता नकाशा. मांडीवर उघडा. सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट, वापरून वापरून कापडासारखा मऊ झालेला. आपल्याला हवी ती जागा नेमकी घडीवरच का येते, कोण जाणे.

कंपासची कड नकाशाच्या उभ्या रेषेला लावा. मग नकाशा फिरवा. सुई तिच्या जागी राहते, नकाशा तिच्याखाली वळतो. तुम्हीही वळा, दगडावर सरकून. कागदाची उत्तर आणि सुईची उत्तर एका ओळीत येऊ द्या.

या दोन उत्तरा तंतोतंत एक नाहीत. काही देशांत त्यांच्यात वीस अंशांचाही फरक पडतो आणि तो हिशेबात धरावा लागतो. आपल्याकडे सह्याद्रीत तो एका अंशाहून कमी आहे. आपल्याला सूट आहे.

आता तपकिरी रेषांकडे बघा. फक्त त्यांच्याकडे. एका रेषेवरून दुसरीवर गेलात की २० मीटर चढलात. करंगळीचं नख ठेवा. त्याच्या रुंदीत साधारण अर्धा किलोमीटर झाकला जातो.

बोट सावकाश सरकवा. इथे रेषा विरळ आहेत; इथे पाय मोकळे पडतील. इथे लहान लहान बंद वेटोळी आहेत. याच त्या टेकड्या. एक, दोन, आणखी एक.

बोट पश्चिमेकडे न्या. रेषा जवळ येतात. आणखी जवळ. मग एकमेकींत मिसळतात आणि नुसता तपकिरी पट्टा उरतो.

तिथे बोट थांबवा. हा कोकणकडा.

डोळे मिटा. तोंड उत्तरेला आहे. वारा कुठल्या गालावर आहे?

डाव्या.

तो पश्चिमेचा आहे. खालून, कोकणातून, तो कडा चढून आलेला आहे आणि तुमच्या गालाला लागून पुढे चालला आहे. आता त्याला नाव द्यायला हरकत नाही.

पुन्हा एकदा श्वास घ्या. वास येतोय का? ओलं गवत. कुठेतरी गुरं बसून गेली असावीत.

उठायची वेळ होईल तेव्हा देवळाची दिशा नकाशावरून कंपासवर घ्या आणि त्या ओळीत दिसणारी शेवटची वस्तू निवडा. एखादा दगड, एखादं झुडूप. तिथपर्यंत जा. थांबा. सुईलाही थांबू द्या. मग पुढची वस्तू निवडा. वाटेत फक्त उजवं पाऊल मोजा. सपाटीवर १०० मीटरला साधारण साठ-पासष्ट होतात. तुमचा आकडा घरापाशी एकदा मोजून ठेवलेला बरा. चढावर तो वाढतो.

पण ते नंतर. आत्ता बसलेलेच राहा. पाणी प्या.

पहिलं झुडूप तुमच्यापासून अठरा पावलांवर आहे. कारवीचं आहे. पानांवरून थेंब पडतायत, ऐका.