भरतीत टेकायला जागा

मुंबईत पक्ष्यांच्या स्थलांतराची चर्चा होते ती रोहित (फ्लेमिंगो) येतात तेव्हा. चिखल्या, टिलवे, तुतारी या किनारपक्ष्यांच्या जाण्याची दखल फारसं कुणी घेत नाही, आणि त्यांच्या दृष्टीने खरा कसोटीचा काळ तोच असतो. एप्रिलमध्ये शिवडीच्या चिखलात बाकदार चोचीची तुतारी नीट न्याहाळली, तर हिवाळाभर करड्या-पांढऱ्या असलेल्या तिच्या छातीवर विटकरी पिसं उमटलेली दिसतात. विणीचा पिसारा ती इथेच चढवू लागते. तिला गाठायचा असतो सायबेरियाच्या उत्तर टोकाचा टुंड्रा, आणि त्या प्रवासाची शिदोरी चरबीच्या रूपाने अंगावरच बांधून न्यावी लागते. चोचीच्या टोकाशी दाब ओळखणारी बारीक संवेदक इंद्रियं असतात. त्यांच्या जोरावर ती डोळ्यांना न दिसणारे किडे चिखलातून उपसते. एका दमात लांबचा पल्ला मारणाऱ्या काही किनारपक्ष्यांची जठर-आतडी उड्डाणाआधी आकसतात आणि उडण्याचे स्नायू वाढतात, इतकी ही तयारी काटेकोर असते.

म्हणूनच या पक्ष्यांना जपायचं तर त्यांचा जमाखर्च समजून घ्यायला हवा. जमा होते ओहोटीत, उघड्या पडलेल्या चिखलावर. खर्च भरतीत सुरू होतो. दिवसातून दोनदा पाणी चढतं, उधाणाला मुंबईत ते पाच मीटरच्या आसपास जातं, चिखल बुडतो, आणि आखूड पायांच्या पक्ष्यांना उथळ, मोकळी, शत्रू लांबून दिसेल अशी जागा शोधावी लागते. कांदळवनाची दाटी त्यांच्या कामाची नाही. नवी मुंबईतला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळचा पाणथळ परिसर किंवा उरणजवळचं पाणजे ही त्यांची आसऱ्याची ठिकाणं. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, आणि त्याचं मोल मोठंच आहे. पण आसऱ्याच्या या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. आपण ताट राखलं आणि पाट भरावाच्या भरवशावर सोडला.

यावर ठरलेलं उत्तर असतं की पक्ष्यांना पंख आहेत, एक जागा गेली तर ते दुसरीकडे जातील. जातात, हे खरं. पण दर भरतीला चार-सहा किलोमीटर जास्त उडायचं, उतरल्यावर पुन्हा हुसकावलं जायचं, म्हणजे ओहोटीत मिळवलेली चरबी तिथेच जाळायची. आणि ‘दुसरीकडे’ जागा असतेच असंही नाही. दक्षिण कोरियात सेमान्गुमची भरती-ओहोटीची दलदल ३३ किलोमीटर लांबीच्या बांधाने २००६ मध्ये समुद्रापासून तोडली. परतीच्या वाटेवर ग्रेट नॉट हे किनारपक्षी तिथे हजारोंनी उतरत. पुढच्या वर्षांच्या गणनेत शेजारच्या किनाऱ्यांवर तेवढी भर दिसली नाही आणि पक्षी जिथून निघत त्या ऑस्ट्रेलियातही संख्या घटली. सेमान्गुममध्ये चरण्याची जागाच गेली होती, आपल्याकडे प्रश्न विसाव्याचा आहे, हा फरक मान्य. पण पक्षी कुठेतरी सामावले जातील ही समजूत त्या एका उदाहरणानेही डळमळते.

याहून वजनदार आक्षेप असा की खाडी इतकी घाण असूनही रोहित वाढलेच ना? वाढले. पण लहान रोहित शेवाळ गाळून खातो, आणि सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ फोफावतं. त्याच्या भरभराटीवरून किडे टिपणाऱ्या टिलव्याचं बरं चाललंय असा निष्कर्ष काढणं चूक आहे. एकाच देखण्या पक्ष्याच्या नावाने संरक्षण झालं की बाकीच्यांच्या गरजा अशा झाकल्या जातात.

राहता राहिला घरांचा प्रश्न. शहराला घरं हवीत, यात वाद नाही. पण या पाणथळ जागा पावसाचं आणि उधाणाचं पाणीही पोटात घेतात. त्या बुजवल्या की ते पाणी वस्तीत शिरायला मोकळं होतं. शिवाय जागा मारायला भराव टाकावाच लागतो असं नाही. भरतीचं पाणी आत येण्याची वाट अडवली तरी ती सुकते, आणि कोरडी पडलेली जमीन मग ‘पडीक’ म्हणून दाखवता येते. तेव्हा अभयारण्याची हद्द भरतीच्या वेळचे थवे कुठे उतरतात ते पाहून आखायला हवी, आणि पाण्याच्या वाटा निदान फेब्रुवारी ते मे या काळात तरी कुणाला बंद करता येऊ नयेत.