पांढरीची साक्ष

बसा. घाई नको.

जागा मैंदर्गीतली घेऊ. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या शिवेजवळचं गाव. वेळ दिवेलागणीची. पिंपळाभोवतीचा एक दगडी कट्टा मनापुढे आणा आणि त्यावर टेका. दिवसभराच्या उन्हाची ऊब दगडात अजून आहे, ती तळहातांना लागू द्या. मराठीत हा कट्टा, कानडीत कट्टे. पिंपळाखालचा तो अरळीकट्टे. इथल्या माणसाच्या जिभेवर दोन्ही शब्द सारख्याच सहजपणे येतात. जो तुमचा असेल तो मनात म्हणा. श्वास आपोआप संथ होईल.

आता पायाखालची माती आठवा. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. जुन्या मराठी कागदांत पांढरी नुसती जमीन नाही. ती बोलते. तंटा उभा राहिला की पांढरीची साक्ष घेतात, म्हणजे इथे राहणाऱ्या सगळ्यांची. या एका शब्दाशी थोडं थांबा. माती आणि माणसं यांना एकच नाव देणारी ही भाषा आपली आहे.

तंटा काय असेल? पाटीलकीचा वाद, बांध सरकल्याची तक्रार, भावाभावांतला हिस्सा. मग गोत बसायचं. गोत म्हणजे नुसते नातेवाईक नव्हेत. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, कधी शेजारच्या गावचे वतनदार, परगण्याचे देशमुख-देशपांडे. वादी-प्रतिवादींच्या तकरिरा लिहून घ्यायच्या, साक्षी ऐकायच्या. आणि आधी दोघांकडून एक कागद घ्यायचा, राजीनामा. आज राजीनामा म्हटलं की खुर्ची सोडणं डोळ्यांपुढे येतं. तेव्हाचा अर्थ उलट होता : मी राजी आहे, पंच ठरवतील ते मला मान्य आहे.

इथे थोडं रेंगाळू या. निकाल कुणाच्या बाजूने जाईल हे ठाऊक नसताना ‘मी राजी आहे’ असं लिहून द्यायचं. स्वतःला विचारून पाहा : असा कागद मी कुणापुढे लिहून देईन? घरात? भावकीत? उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल.

हरणाऱ्याला शेवटी येजितखत लिहून द्यावं लागे. आपली बाजू खोटी ठरली, हे त्याने स्वतः जिंकणाऱ्याला लिहून द्यायचं. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, म्हणजे जिंकल्याचा नजराणा, आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. साक्षीपुराव्यांनी निभावलं नाही तर दिव्य असे, उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढण्याचं. ते आठवलं की बोटं आखडतात. त्या काळाला सोनेरी म्हणायचा मोह मला म्हणूनच होत नाही.

पण महजर डोळ्यांसमोर धरा. सभेत जे ठरलं त्याचा हा कागद. वर मोडीचा दाट मजकूर, खाली हजर असलेल्यांची नावं. लिहिता न येणाऱ्याच्या नावापुढे निशाणी : कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचं एखादं हत्यार. दोन-चार रेघांत काढलेला तो नांगर बघा. ज्याने हातात कधी बोरू धरला नाही, त्याचं हजर असणं त्या रेघांनी शेकडो वर्षं टिकवलं आहे. वि. त्र्यं. गुणे यांनी असे कागद तपासून मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर ग्रंथ लिहिला, तो 1953 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला.

आता मन फार लांब जाऊ द्या, थंडीत. आइसलंड. इ.स. 930च्या सुमारास तिथल्या लोकांनी उघड्या माळावर आपली सभा भरवली, आल्थिंग. राजा नव्हता. कायदा लिहिलेलाही नव्हता, तो एका माणसाच्या स्मरणात असायचा. कायदा सांगणारा हा माणूस तीन वर्षांसाठी निवडला जाई. दरवर्षी उन्हाळ्यात खडकावर उभा राहून तो एक तृतीयांश कायदा मोठ्याने म्हणायचा. तीन वर्षांत सगळा कायदा लोकांच्या कानांवरून जायचा. आपल्याकडे पाठांतराची थोरवी कुणाला सांगायला नको.

इ.स. 1000च्या सुमारास जुना धर्म की ख्रिस्ती धर्म, यावरून ती सभा फुटायला आली. निवाडा थॉरगेर नावाच्या अशाच कायदा सांगणाऱ्या माणसावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा. कथा सांगते की तो अंगावर पांघरूण ओढून एक दिवस आणि एक रात्र न बोलता पडून राहिला. मग उठून म्हणाला, सगळ्यांचा कायदा एकच असू द्या, आणि कौल ख्रिस्ती धर्माच्या बाजूने दिला. ती रात्र मनात घ्या. बाहेर शस्त्रं घेतलेली माणसं, आत एक माणूस गप्प. आपण निवाडे किती लवकर देतो, जेवता जेवता देतो.

परत कट्ट्यावर या. आणि कोण नाही ते बघा. आइसलंडच्या सभेत बाई आणि गुलाम यांचा आवाज नव्हता. आपल्याकडे गावची शीव महाराला जितकी ठाऊक असे तितकी क्वचितच कुणाला. शिवेच्या वादात त्याच्या शब्दाला वजन होतं, महजरावर त्याची निशाणी असे. कागदावर त्याला जागा होती, कट्ट्यावर नव्हती. हे मनाला खुपतं. खुपू द्या, झटकू नका.

अंधार पडला. मैंदर्गीला नगरपरिषद आहे, त्यामुळे इथे ग्रामसभा भरत नाही. निवडून दिलेले नगरसेवक सभागृहात बसतात. पण आजूबाजूच्या खेड्यांत ती भरते, वर्षातून किमान चार वेळा, आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यायची असं कायदाच सांगतो. शंभर माणसं किंवा मतदारांपैकी पंधरा टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे लोक जमले की गणपूर्ती होते.

डोळे उघडा. तुमच्या गावात पुढची दवंडी पिटली, किंवा फोनवर सभेची सूचना आली, तर जा. मागे कुणी उभं असेल तर सरकून त्यांना बसायला जागा द्या.