बुंध्यावाचून वड

ज्या पुरुषापासून एखाद्या धर्मसंप्रदायाचा उगम झाला तो काळाच्या उदरात लोपल्यावर मागे उरलेल्या परंपरेला जिवंत कोणत्या आधारावर म्हणावे, या प्रश्नाचा विचार करताना हावड्याजवळ शिबपूर येथील वनस्पती-उद्यानात उभ्या असलेल्या, अडीचशे वर्षांहून जुन्या महावटाची हकीकत मला विलक्षण बोधप्रद वाटते.

१८६४ व १८६७ सालच्या चक्रीवादळांनी हा वृक्ष जबर जायबंदी झाला. पुढे बुरशीने त्याला ग्रासले, आणि पन्नास फुटांहून अधिक घेराचा मूळ बुंधा इतका कुजला, की उरलेल्या वृक्षाच्या रक्षणार्थ १९२५ साली तो काढून टाकणे भाग पडले. तरीही वड मेला नाही. कारण फांद्यांवरून उतरलेल्या पारंब्यांनी तोवर जमीन गाठली होती, आणि त्याच आज हजारोंच्या संख्येने स्तंभ होऊन चार एकरांहून अधिक विस्तार पेलीत आहेत.

परंतु हे भाग्य प्रत्येक पारंबीला लाभत नाही. बंगालच्या दमट हवेत ती सुतळीसारखी खाली येऊ लागते खरी. पण तिचे कोवळे टोक वाटेत सुकले वा खुडले गेले, किंवा खाली तुडवून कठीण झालेली जमीन असली, तर ती अधांतरीच राहते. म्हणून पोकळ बांबूच्या आश्रयाने कोवळ्या पारंब्या भुईपर्यंत नेतात. मातीत रुजल्यावर पारंबी पोसते, भरते, आणि कालपर्यंत जिने फांदीचा आधार घेतला, तीच फांदीला आधार देऊ लागते.

संप्रदायाचा न्यायही हाच आहे. गुरूच्या नावाची सनद दाखवून वतनावर हक्क सांगणारा शिष्य अधांतरी होय. स्वानुभवाच्या भूमीला पोचलेलाच परंपरेचा भार वाहतो. अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या कंठाला लागल्याचा दृष्टान्त होऊन एकनाथ आळंदीस गेले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आणि ज्ञानदेवांच्या समाधीनंतर जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, अपपाठांनी मलिन झालेली ज्ञानेश्वरी त्यांनी शुद्ध केली, हा इतिहास आहे. स्वतः रुजलेल्या पुरुषालाच असा अधिकार पोचतो, आणि त्याने कुजके दूर केले म्हणजे मूळपुरुषाशी प्रतारणा होत नाही. यास्तव परंपरेच्या अभिमान्यांनी पूर्वजांचा घेर मोजीत बसण्यापेक्षा आपण स्वतः जमिनीला टेकलो आहोत की नाही, एवढे तपासून पाहावे.