आरशाला पाठ करून

चि. नातीस,


परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. "आजी, चकरा घेतल्या की मलाच चक्कर येते, आणि ताई मात्र पुन्हा तत्कारावर नेऊन उभं करतात." तुझ्या कथकच्या ताईंचं चुकत नाही, एवढंच तेव्हा बोलले. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं.

आपल्या कानात, अगदी आत, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. तू फिरतेस तसा तोही फिरायला लागतो आणि तू थांबलीस तरी क्षणभर फिरत राहतो. डोळे सांगतात, थांबलो. कान सांगतो, अजून फिरतोय. भिंती फिरतात त्या या भांडणात. म्हणून तर ताई म्हणतात, नजर समोर ठेव, मान शेवटी वळव आणि सगळ्यात आधी परत आण.

पण नजर म्हणजे सगळं नव्हे. 2013 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी 29 बॅले नर्तकी आणि 20 नौकानयनपटू मुलींना अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवून फिरवलं. खुर्ची थांबल्यावर आपण अजून फिरतोय असं नर्तकींना कमी वेळ वाटलं. अंधारात नजर कुठे रोवणार? म्हणजे वर्षानुवर्षांच्या रियाजानं मेंदूच बदलला होता. लहान मेंदूतला, कानाकडून आलेला निरोप हाताळणारा भाग नर्तकींमध्ये आकारानं लहान आढळला. कानाची ती ओरड फारशी मनावर घ्यायची नाही, हे मेंदू शिकतो. पण एका आठवड्यात नाही गं.

मग विश्वास ठेवायचा कोणावर? पायांवर. स्नायूंत, सांध्यांत, तळव्यांत बारीक संवेदक असतात. कुठला सांधा किती वाकलाय, वजन टाचेवर आहे की चवड्यावर, हे ते न बघता कळवत राहतात. तत्कार, तेच ते तालातलं पायांचं काम, म्हणजे या संवेदकांचीच शाळा.

मला हे कळलं तो प्रसंग सांगते. मी तेव्हा तुझ्याच वयाची. जुलैचा पाऊस, शहाबादी फरशी, ओळीत उभ्या आम्ही नऊ मुली. तत्कार दुगुणीत चालला होता आणि वीज गेली. आमच्या नाचाच्या बाई म्हणाल्या, "थांबू नका." तबला चालूच राहिला. दिवे आले तेव्हा मी माझ्या जागेपासून दीड हात पुढे सरकले होते आणि तोंड खिडकीकडे! मला वाटत होतं, मी तसूभरही हलले नाही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खडूनं फरशीवर माझ्या पावलांभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, "रोज दहा मिनिटं डोळे मिटून. गोलातच राहायचं." पावसाळा संपला, दिवाळी झाली, तेव्हा कुठे मी गोलात राहायला लागले. आणि चकरा? त्या तोवर आपोआप सुधारल्या होत्या.

आणि एका पायाचा तळवाच उरला नाही तर? सुधा चंद्रन तुला मालिकांमुळे माहीत आहेत. 1981 च्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला. 1984 मध्ये जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून त्या भरतनाट्यम करायला पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. लाकूड-रबराच्या तळव्याला जमीन कळत नाही. मांडीनं, कमरेनं, दुसऱ्या पायानं ती ओळखायला नव्यानं शिकायचं, याचा विचार केला की माझे हात आपोआप जोडले जातात.

मंचावर जाणं मी कधीच सोडलं. पण आज 74 व्या वर्षीही एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायात मोजा चढवते, भिंतीला न टेकता. ही त्या खडूच्या गोलाची कमाई, असं मी मानते.

आता तुझ्या क्लासच्या आरशाबद्दल. आरसा वाईट नाही. हस्तक कुठे तुटतोय ते तोच दाखवतो. पण तू सतत त्यातल्या मुलीकडे बघतेस. तिला तळवे नाहीत. नाचताना तुझं वजन कुठे आहे, हे तिला कसं कळणार?

तेव्हा एक कर. आठ दिवस चकरा बंद. भिंतीजवळ, आरशाला पाठ करून, खडूचा गोल काढ आणि डोळे मिटून ठाय, म्हणजे संथ लयीत तत्कार कर. आई घरात असतानाच कर. रोज किती बोटं सरकलीस ते वहीत लिहून ठेव आणि रविवारी मला फोनवर वाचून दाखव.

तुझी,
आजी