पाप कोणाचे?



फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसाला भेटायला गेलेले लोक ओटीवर येऊन हळूच विचारतात, "बिडी ओढायचे का हो?" उत्तर 'होय' आले की विचारणाऱ्याचा हिशेब जुळतो. पाप सापडले, शिक्षाही सापडली! या हिशेबाबद्दल आम्हांला आज थोडे लिहायचे आहे.

'लॅम्बर्ट-ईटन' नावाचा एक दुर्मीळ विकार आहे. लॅम्बर्ट, ईटन आणि रूक या अमेरिकन डॉक्टरांनी १९५६ साली त्याचे वर्णन केले. मांड्यांतली शक्ती जाते, खुर्चीतून उठणे आणि जिना चढणे जड होते, तोंडाला कोरड पडते. माणूस दिसायला धडधाकट, त्यामुळे घरचेच त्याला आळशी म्हणतात. अशा सुमारे निम्म्या रुग्णांच्या फुफ्फुसात 'स्मॉल सेल' जातीचा कर्करोग असतो, आणि तो बहुतेक वेळा धूम्रपानातूनच आलेला असतो. पुष्कळदा पाय आधी थकतात, गाठ नंतर सापडते.

असे का होते? कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म द्वारे त्या गाठीच्या पेशींवर असतात, तशीच मज्जातंतूंच्या टोकांवरही असतात. शरीर गाठीला शत्रू म्हणून ओळखते व तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तीच प्रतिपिंडे मज्जातंतूंच्या द्वारांवरही चालून जातात. मग स्नायूंना आज्ञा पोचवणारे रसायन पुरेसे सुटत नाही. म्हणजे पायांतले बळ गेले ते शरीर स्वतःचे रक्षण करीत होते म्हणून.

संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना म्हटले आहे की, एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि दुसरा हेतूबाहेरचा. पेशींना हेतू नसतो, तेव्हा ही तुलना ताणू नये. (सेमिनरीत आम्ही ती नक्कीच ताणली असती!) पण चांगल्या कार्यातूनही वेदना उद्भवते, एवढे येथे दिसते. शिवाय हा विकार असलेले कर्करोगी, तो नसलेल्यांपेक्षा बरेचदा अधिक काळ जगतात असे आढळले आहे. मग त्या थकलेल्या पायांना शिक्षा म्हणावे की राखण?

कोणी म्हणेल, "फादर, पण तंबाखू त्यानेच ओढली ना?" खरे आहे. तंबाखूने कर्करोग होतो, आणि तरुणांनी ती आजच सोडावी. पण कारण सांगणे वेगळे आणि निकाल देणे वेगळे. याच विकाराच्या उरलेल्या रुग्णांना कर्करोग नसतो, त्यांतल्या कित्येकांनी विडीला हातही लावलेला नसतो. तेच थकलेले पाय, तीच कोरड. त्यांना शिक्षा कशाची? जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा प्रभू येशूने पापाचा तो हिशेबच नाकारला (योहान ९). पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८४च्या दुःखावरील पत्रात ईयोबाच्या आधारे हेच सांगितले आहे.

या हिशेबाचा घाव आजाऱ्याला लागतो. तो खोकला लपवतो, डॉक्टरकडे उशिरा जातो आणि "मी ओढवून घेतलं, मला कसला कम्युनियन?" म्हणून भिंतीकडे तोंड करतो. आपल्या घरी किंवा शेजारी असे कोणी असेल, तर मिस्सानंतर आम्हांला सांगा. आम्ही घरी येऊ. त्याने विडी ओढली होती की नाही, हे सांगण्याची गरज नाही.