वाळूत राहतं काय

डोळे मिटायची गरज नाही. भाट्याच्या एखाद्या माडाखाली बसलो आहोत, एवढंच धरून चला. पुढे सुरूचं बन, त्यापलीकडे समुद्र, उजवीकडे काजळी नदीची खाडी. बुंध्याला पाठ टेका आणि हाताला येईल ती माती मुठीत घ्या. मूठ आवळा, मग बोटं सैल सोडा.

निसटते ना? माती म्हणून उचलली ती बरीचशी पुळणीची वाळूच. कण मोठे, मधल्या फटी मोठ्या, धरून ठेवणारी चिकण नावाला. रत्नागिरीत पावसाळ्यात 3000 मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं. ते या मुठीतून जातंय असं मनात आणा. जूनमध्ये टाकलेला युरिया जातो, पालाशही जातो, मुळांच्या खाली, हाताबाहेर. वरच्या कातळावर, जांभ्याच्या मातीत, दुखणं उलटं आहे. तिथे स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी असा जखडतो की कलमाला मिळत नाही. हापूसला मोहोर लवकर यावा म्हणून मुळाशी ओतलेलं कल्टारही महिनोन्‌महिने मातीत मुक्काम करतं. वरची जमीन नको तेही धरून बसते, खालची हवं तेही सोडून देते. एकाच गावच्या शिवारात दोन्ही स्वभाव, आणि खताचा सल्ला मात्र पुष्कळदा एकच.

मग पाठीशी आहे तो माड उभा कशावर आहे? या प्रश्नापाशी थोडं थांबा. उत्तराची घाई नको.

वर बघा. माडाला महिन्याला साधारण एक झावळ येते, आणि तितकीच जुनी गळते. वर्षाची बारा चुडतं धरा. त्यातलं एक चुडत मनात घ्या आणि ते पडल्यापासून त्याच्या मागे मागे जा. पूर्वी त्याचा झाप विणला जाई, गोठा शाकारला जाई. काही सरपणाला जाई. पात्यातले हीर काढून खराटा बांधला जाई, अजूनही बांधतात. आणि मग त्याच खराट्याने माडाखालचा सगळा पाला झाडून, ढीग करून, काडी लावली जाते. माडाचंच अंग वापरून माडाचं पांघरूण ओढून घ्यायचं! बाग आरशासारखी लख्ख दिसते, पाहुणा कौतुक करतो. मला त्या लख्खपणाचं कौतुक उरलेलं नाही. राखेत पालाश असतो हे खरं, पण पहिल्या जोराच्या सरीला तो या वाळूतून वाहून जातो. पाल्यातला नत्र आणि कर्ब तर धुरातच गेले. ज्या मातीला धरून ठेवायला फक्त कुजलेला पाला आहे, तिचा पाला जाळणं म्हणजे तिची पकडच जाळणं.

आता सोडणाकडे या. नारळ सोलला की सोडणं न्हाणीच्या चुलीत जातात, नाहीतर काथ्याला. पण माडांच्या दोन ओळींमध्ये चर खणून, पोकळ बाजू वर ठेवून, थरावर थर आणि मधे माती अशी ती पुरली, तर पावसाचं पाणी त्यांत मुरून राहतं आणि पालाश सावकाश सुटतो. पाच-सात वर्षं त्याचा गुण टिकतो. वाळूला इतका वेळ काहीतरी हातात धरायला मिळणं, ही इथे मोठीच गोष्ट आहे.

नजर जरा लांब न्या, दोन माडांच्या मधल्या जागेवर. 7.5 मीटरवर लावलेल्या माडाच्या वाट्याला सव्वाछप्पन्न चौरस मीटर जमीन येते. त्याची खाती मुळं बहुतेक बुंध्यापासून 2 मीटरच्या वर्तुळात, म्हणजे साडेबारा चौरस मीटरमध्ये. उरलेली पाऊण जमीन कोणाची? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र इथेच भाट्याला आहे. त्याने या प्रश्नाला ‘लाखी बाग’ असं उत्तर दिलं: माडावर काळी मिरी, मधे जायफळ, दालचिनी, केळ, खाली अननस. नाव पैशावरून पडलं. मला त्यात पैशाआधी छप्पर दिसतं. थेंब जमिनीवर पोचेपर्यंत तीन ठिकाणी अडतो, ऊन थेट वाळूला भाजत नाही, निरनिराळा पाला निरनिराळ्या वेळी पडतो. पण इथे हिशेब चुकवू नये. पिकं वाढली की बागेतून बाहेर जाणारा मालही वाढतो. केळीचा घड पालाश घेऊनच बाजारात जातो. परत देणं त्या प्रमाणात वाढलं नाही, तर लाख रुपये मातीच्या भांडवलातूनच उचलल्यासारखे होतात.

आणि परत देण्यालाही रीत आहे. शेणाचा ढीग माडाजवळ महिनोन्‌महिने पडू दिला, तर गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो, अळ्या तिथेच पोसतात, आणि बाहेर पडलेला भुंगा माडाचा कोवळा कोंब कोरतो. म्हणून शेणखत कुजलेलं हवं, आळ्यात पसरून मातीने झाकलेलं हवं. ताग किंवा गिरिपुष्पाचा पाला पावसाळ्यात आळ्यात गाडला, तर ढिगाचा प्रश्नच उरत नाही.

उठायच्या आधी आळ्यात एक बोट पेरभर खुपसा. रंग बघा, वास घ्या. मग चार पावलं बाहेर जाऊन, माडाच्या मुळांपलीकडे, तसंच करा. आत काळी आणि बाहेर पांढरी निघाली, तर पुढचं चुडत कुठे टाकायचं ते कळलं.