लेप की लपवणूक?

जीर्ण झालेल्या वस्तूस पुन्हा रूप देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले आहे. देवालयाचा जीर्णोद्धार करणाऱ्यास नवे देवालय बांधणाऱ्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच श्रेय आपण देतो. परंतु जीर्ण वस्तूस वरून नवे रूप देऊन तिचे व्यंग झाकणे, यास आपण फसवणूक म्हणतो. दोन्ही ठिकाणी हात तोच, कुंचला तोच आणि रंगाचा डबाही तोच. मग पुण्य कोठे संपते व पाप कोठे सुरू होते? हा प्रश्न नुसत्या कल्पनेत न ठेवता एका साध्या घरगुती कामावर घासून पाहू. ते काम म्हणजे जुन्या मोटारसायकलच्या इंजिनास घरी रंग देणे.

आपल्या बेळगाव भागात अजूनही काही घरांच्या पडवीत वडिलांची किंवा आजोबांची बुलेट उभी असते. मूळची ही गाडी इंग्लंडातील रेडिच गावची. १९५५ साली मद्रासेस कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून ती इकडे तयार होऊ लागली. तिच्या जुन्या इंजिनाचे सिलिंडर बिडाचे, तर वरचे हेड व खालचे क्रँककेस ॲल्युमिनियमचे असते. बीड म्हणजे काय, हे उद्यमबागेतील फाउंड्र्या पाहिलेल्या बेळगावकरांस सांगावयास नको. ते उघडे राहिले की आपल्याकडील पावसाळी हवेत चार दिवसांत तांबूस होते. म्हणून त्यास रंग हवाच. ॲल्युमिनियमवर मात्र हवेच्या स्पर्शाने आपोआप एक पातळ कवच धरते व तेच त्याचे रक्षण करते. त्यास स्वच्छ करून घासले की पुष्कळ झाले. म्हणजे एकाच यंत्रात एका धातूस लेप ही गरज आहे, तर दुसऱ्यास ती बहुधा हौस आहे.

या कामात रंगाची पाळी अगदी शेवटी येते. प्रथम वर्षानुवर्षांचे तेल व धूळ रॉकेलने धुवावयाची, मग तारेच्या ब्रशाने गंज काढावयाचा. सिलिंडरभोवती वारा खेळावा म्हणून ज्या पातळ फिन्स असतात, त्यांच्या फटींत पॉलिश पेपरची घडी घालून एकेक फट घासावयाची. आतील वाटांत कण जाऊ नयेत म्हणून सर्व तोंडे कापडाने बंद करावयाची आणि अखेरीस थिनरने पुसून घ्यावयाचे. एवढे केल्यावर उष्णता सोसणारा रंग पातळ हातांनी द्यावयाचा व डब्यावर सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून तो पक्का करावयाचा. तेलाचा अंश कोठे राहिलाच, तर इंजिन तापल्यावर रंग तेथेच फुगतो व पापुद्रा सुटतो. रंगाखालची अस्वच्छता रंग फार काळ सांभाळून घेत नाही.

रंग कोठे देऊ नये, हेही या कामात शिकावे लागते. दोन भाग जेथे एकमेकांवर बसतात व मध्ये पॅकिंग असते, त्या पृष्ठभागास रंग लागता कामा नये. लागल्यास सांधा नीट बसत नाही. फिन्सवर जाड थर चढवल्यास आतील उष्णता बाहेर पडावयास अडथळा होतो. क्रँककेसवर ठोकलेला इंजिनाचा क्रमांक तर कधीही घासून वा रंगाने भरून बुजवू नये. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर तोच क्रमांक असतो. तीच त्या यंत्राची ओळख होय.

आता मोहाची जागा पाहू. इंजिन धुतले आणि क्रँककेसला बारीक तडा दिसला. त्यात लांबी भरून, घासून, वर रुपेरी रंग मारला की पाहणाऱ्यास काही दिसत नाही. तेल पाझरण्याची खूणही काही दिवस लपते आणि तेवढ्या दिवसांत गाडी चांगल्या किमतीस विकली जाते. घेणारा असतो एखादा तरुण. तो पत्नीस मागे बसवून चोर्ला घाट उतरत असता तडा उघडतो, तेल निघून जाते, इंजिन जाम होते व मागील चाक एकाएकी अडकते. असे प्रत्येक वेळी होईल असे नाही. परंतु एकदा होणेही पुरेसे आहे. विकणारा म्हणेल, “मी खोटे काहीच बोललो नाही, त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही.” पण जिभेने जे सांगावयाचे टाळले, ते त्याने रंगाकडून खोटे वदविले.

यावर कोणी म्हणेल की, मग रंगच नको. जुने आहे तसे दिसू द्यावे. हा विचार प्रामाणिक वाटला तरी पूर्ण नाही. गंज हे वार्धक्याचे नुसते चिन्ह नव्हे, तो धातूचा क्षय आहे. तो चालू द्यावयाचा आणि त्यास सत्यनिष्ठा म्हणावयाचे, हा आळसाचा बचाव झाला. उलटपक्षी केवळ भक्तीने दिलेला लेपही मूळ रूप झाकू शकतो. सप्तशृंगी गडावरील देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत गेला. २०२२ साली तो शेकडो किलोंचा थर काढला, तेव्हा मूळ मूर्तीचे घडीव रूप लोकांस दिसले. शेंदूर चढवणाऱ्यांच्या मनात कपट मुळीच नव्हते. तरीही थर वाढत गेला, कारण खाली काय आहे हे पाहण्याची आठवण कोणास राहिली नाही. आपल्या घरच्या गाडीवर जुना रंग न काढता दरवर्षी नवा हात मारणारेही याच वाटेने जातात.

ईशावास्योपनिषदात सत्याचे मुख सोन्याच्या झाकणाने झाकले आहे, ते दूर कर, अशी सूर्यास प्रार्थना आहे. येथे झाकण सोन्याचे आहे हे लक्षात घ्यावे. कुरूप झाकण आपण स्वतःच दूर करतो; सुंदर झाकण दूर करावे असे वाटतच नाही. चकचकीत रंगाचे भय हेच आहे.

तेव्हा कसोटी अशी ठरते: लेपाखाली जे आहे ते मी, विचारले नाही तरी, सांगावयास तयार आहे काय? तयार असेन, तर तो लेप जीर्णोद्धार. तयार नसेन, तर रंग कितीही उत्तम असो, ती लपवणूक. फिन तुटली असेल तर ती तुटलेलीच रंगवावी. तडा असेल तर आधी जाणत्याकडून दुरुस्त करून घ्यावा आणि मगच कुंचला उचलावा.

याकरिता एक सोपी रीत सुचवावीशी वाटते. रंग देण्यापूर्वी जे दिसले ते तारखेसह वहीत लिहावे, जमल्यास छायाचित्र घ्यावे आणि गाडी विकताना ती वही कागदपत्रांबरोबर घेणाऱ्याच्या हाती द्यावी. किंमत थोडी कमी येईल, पण घाटात उतरणाऱ्याचा जीव आपल्या मनावर राहणार नाही. देवळाच्या भिंतीस नवा हात देतानाही हीच वही ठेवली, तर पुढील पिढीस खाली काय होते हे शोधण्यासाठी भिंत खरवडावी लागणार नाही.